एकदा शह बसला की

६ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

साष्टांग नमस्कार वगैरे राहू दे. माझे गुडघे वाकत नाहीत, आणि तुमच्यापुढे तर मुळीच नाहीत.

पाच वर्षांनी लिहिते आहे. तुमचे दादा गेले त्या दिवशी तुम्ही दुपारच्या बसने आलात, संध्याकाळच्या बसने गेलात आणि मधल्या वेळात एकच वाक्य बोललात, "वहिनी, काही लागलं तर कळवा." काही लागलं नाही म्हणून कळवलं नाही. आता लागलंय.

परवा हेडबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तुमच्या बुद्धिबळ मंडळाचं पत्र होतं. वर शिक्का, खाली तुमची ती शेपटीवाली सही. "शाळेच्या आवारात एक अप्रशिक्षित महिला लहान मुलांना खेळाचे चुकीचे नियम शिकवत असून सदर वर्ग तातडीने बंद करावा." वा भाऊजी! सदर महिला! तुमचं लग्न होईपर्यंत तुमच्या शर्टांची तुटलेली बटणं लावली ती कुठल्या महिलेने? सदरच ना?

हेडबाई सज्जन आहेत. म्हणाल्या, "आजी, मला वर्ग बंद करायचा नाहीये. पण वरून कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा. महिनाअखेरपर्यंत मंडळाचं ना-हरकत पत्र आणा. नाहीतर एक तारखेपासून खोलीला कुलूप." म्हणजे माझा वर्ग राहतो की जातो ते तुम्ही ठरवणार. ऐकून मला आधी हसूच आलं.

तुम्हाला वाटत असेल, सातवी शिकलेली बाई, नवरा शिंपी, ही काय बुद्धिबळ शिकवणार! तर ऐका. शाळेच्या मागे मोडक्या बाकांची खोली आहे. दर शनिवारी तीन वाजता तिथे तेवीस पोरं येतात, सहा ते आठ वर्षांची. पट अकरा. दोन पटांवर हत्ती हरवलेत, त्यांच्या जागी दोऱ्याची रिकामी रिळं उभी केलीत, चालतात छान. पहिले दोन आठवडे मी सोंगटीला हात लावू देत नाही. फरशीवर खडूने चौसष्ट घरं आखते आणि पोरांनाच सोंगट्या करते. घोडा झालेला अडीच घरं उडी मारतो आणि हमखास कुणाच्या तरी पायावर पडतो. उंटाला सांगते, तू जन्मभर एकाच रंगावर चालायचं, शेजारच्या घरात डोकावायचं सुद्धा नाही. प्याद्याचं मात्र पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं, पुढे चालतं सरळ आणि मारतं तिरकं, असं कसं? मग मी सांगितलं, माझ्या सासूबाई अशाच होत्या. बघायच्या समोर, टोमणा मारायच्या तिरका. एका मिनिटात समजलं सगळ्यांना. तुमच्या मातोश्री अशा कामाला आल्या, बरं वाटेल तुम्हाला.

एकाने विचारलं, "आजी, राजा आहे, वजीर आहे, मग राणी कुठाय?" म्हटलं, "राणी बाहेर बसून सगळ्यांना हलवते आहे. गप्प बस आणि चाल कर." ढब्बू म्हणून एक सहा वर्षांचा आहे. मात होणार असं दिसलं की राजा उचलून चड्डीच्या खिशात घालतो आणि म्हणतो, "आता द्या मात." त्याला नियम समजवायला मला तीन शनिवार लागले. राजा मरत नाही, पळत नाही, लपत नाही. त्याला जागा उरली नाही की डाव संपतो आणि समोरच्याशी हात मिळवायचा. रडायचं असेल तर हात मिळवून झाल्यावर.

आता तुमच्या मंडळाने भरवलेल्या त्या स्पर्धेचं बोलू. आमची भिंगरी, सात वर्षांची, बसड्रायव्हरची पोर. एका जागी बसेल तर शपथ, पण पटासमोर दगड. तिच्या उंटाने समोरच्या पोराला शह दिला, त्याने मधे प्यादं घातलं. पुढे दहा चालींनी त्याने किल्लेकोट केला. राजा दोन घरं सरकवून कोपऱ्यात, हत्ती त्याच्या पलीकडे. भिंगरीने हात वर केला. पंच म्हणून तुम्ही आलात. ती म्हणाली, "याच्या राजाला एकदा शह बसलाय. आता याला किल्लेकोट नाही करता येत." मी शिकवलेलं शब्दाला शब्द. तुम्ही म्हणालात, "येतो." खोट्या तक्रारीचा दंड म्हणून समोरच्याला घड्याळात दोन मिनिटं जादा दिलीत. मग विचारलंत, "हे कुणी शिकवलं तुला?" तिने दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

तुम्ही मला ओळखलंत. मग चष्मा काढून पुसत राहिलात. पोर पुढच्या पाच चालींत जिंकलेला डाव हरली.

एकदा शह बसलेल्या राजाला किल्लेकोट नाही, हे तुमच्या घरात मी पन्नास वर्षांपासून ऐकते आहे. तुमचे दादा मरेपर्यंत असंच खेळले. तुम्ही सात वर्षांच्या पोरीशी खोटं बोललात, भाऊजी, आणि कशासाठी? माझ्यावर राग काढायला? काढा की. मी दोरीच्या पलीकडेच उभी होते.

ना-हरकत पत्र उलट टपाली पाठवा. शिक्का नीट उमटवा.

तुमची वहिनी
(सदर महिला)


१३ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत, नियमांच्या पुस्तकाची दोन पानं आणि लाल पेन्सिलीची एक रेघ. मास्तर झाला असतात तर पोरांनी तुमच्या सायकलची हवा सोडली असती.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. राजावर आत्ता शह असेल तर नाही. राजाच्या वाटेवर किंवा तो पोचणार त्या घरावर कुणाचा मारा असेल तर नाही. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला असेल तर नाही. पण पूर्वी कधीतरी शह बसून गेला, राजा जागचा हलला नाही, तर खुशाल करा.

माझं चुकलं. लिहिलं बघा. आता ही ओळ कापून फ्रेम करून लावा मंडळात.

काल वर्गात मी पोरांना सांगितलं, "आजीने तुम्हाला एक नियम चुकीचा शिकवला." मग ढब्बू म्हणाला, "मग आजीला शिक्षा." सगळ्यांनी मिळून ठरवलं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहायचं, खरा नियम दहादा मोठ्याने म्हणायचा. उभी राहिले. सातव्या वेळी चुकले तर पोरट्यांनी पहिल्यापासून म्हणायला लावलं! त्यानंतर सगळ्या पटांवर पोरांनी नुसते किल्लेकोट करून बघितले, शह खाऊन, शह वाचवून. आता तेवीसच्या तेवीस जणांना तो नियम तुमच्या पंचांपेक्षा चोख येतो. चुकले. बाविसांना. भिंगरी आली नव्हती.

वाटेत तिच्या बापाला गाठलं, बसला टेकून चहा पीत होता. म्हणाला, "आजी, राग मानू नका. पण ती पट बघितला की पलंगाखाली जाऊन बसते. म्हणते, मला काही येत नाही. आजीलाही येत नाही." मग चहाकडे बघत म्हणाला, "बाकीची आयाबापं पण विचारतायत हो. वर्ग राहणार आहे का, आणि राहिला तर पाठवायचं का."

मी म्हटलं, राहणार.

चुकले ते पोरांसमोर कबूल केलं, शिक्षा भोगली. चूक कबूल करायला शिक्का लागत नाही. तेव्हा तुमच्या पत्रातलं कारण संपलं. चौदा दिवस उरलेत महिन्याचे, पंधरा असतील, मोजत नाही. ना-हरकत पाठवा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हा नियम मला यांनी शिकवला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कापडं सरकवून कापायच्या टेबलावर पट मांडायचे. माणूस असा की खिसा अर्धा सूत वाकडा शिवला गेला तर अख्खा उसवायचा. त्याने असा वाकडा नियम कुठून आणला? यांना कुणी शिकवला असेल, भाऊजी? तुम्हाला काही आठवतं का?

वहिनी


२० फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

अखेर तुमची चार वाक्यं आली. "वहिनी, जुन्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नाही. ना-हरकत पत्र पाठवून देतो. मुलांपुढे घरातले विषय नकोत. तब्येतीला जपा."

चोराच्या मनात चांदणं! मी एवढंच विचारलं होतं की यांना नियम कुणी शिकवला. तुम्ही आपणहून जुन्या गोष्टींवर आलात. हातात चहाचा कप होता तो तसाच ठेवला आणि बसून राहिले. चहावर साय धरली तेव्हा सगळं आठवलं.

माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. मामंजी म्हणाले, शहरात नकाशे काढायचं शिकायला एकालाच पाठवणं जमेल, दुसऱ्याने मशीनवर बसायचं, तुमचं तुम्ही ठरवा. हे म्हणाले, "धाकट्या, पटावर ठरवू." यांचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं चालायचं, ते तुम्हालाही माहीत होतं. मला खेळ येत नव्हता. मी आतल्या दारात उभी होते, आणि लाज सोडून सांगते, मी मनातल्या मनात शहरातल्या खोलीला पडदे लावत होते.

बऱ्याच चाली झाल्या. मग यांनी राजा उचलला आणि तुम्ही म्हणालात, "दादा, तसं नाही करता येत. तुझ्या राजाला मघाशी शह बसून गेलाय. एकदा शह बसला की किल्लेकोट नाही." हे म्हणाले, "असं आहे होय? मला माहीत नव्हतं." आणि राजा परत ठेवला. मग तो राजा मधेच उघडा राहिला आणि तुम्ही तो धरलात.

मला तेव्हा त्यातलं काही समजलं नाही. मला एवढंच दिसलं की यांनी तुमच्याशी हात मिळवला आणि तुमची ट्रंक माळ्यावरून काढून दिली.

तुम्हाला नियम माहीत नव्हता असं म्हणू नका. पुस्तक तुमच्याकडे होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. त्या दिवसानंतर तुम्ही यांच्याशी एकही डाव खेळला नाहीत. सुट्टीला आलात, यांनी पट काढला, की तुमचं पोट दुखायचं. सासूबाई ओवा शोधायच्या आणि मी जाऊबाईंना म्हणायची, "नाजूक आहेत हो भाऊजी." कसलं पोट आणि कसलं काय.

यांना कधी समजलं नाही. त्यांनी तो नियम धाकट्या भावाने सांगितला म्हणून जन्मभर पाळला, मला शिकवला, मी पोरांना शिकवला, आणि भिंगरीने तो तुमच्याच समोर आणून ठेवला. म्हणून चष्मा पुसत होतात! आणि घरी जाऊन काय केलंत, तर माझा वर्ग बंद करायचं पत्र. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची थाप मी पुन्हा कुणाला शिकवू नये, आणि ती आली कुठून ते कुणी विचारू नये.

आम्ही सुखात होतो, खोटं कशाला बोलू. हसलो, भांडलो, पोटभर खाल्लं. पण चाळीस वर्षं मशीनवर वाकलेली ती पाठ रोज मी चोळली आहे. तेव्हा माफीबिफी माझ्याकडे मागू नका. माझ्याजवळ ती शिल्लक नाही आणि यांच्या वतीने द्यायचा मला हक्क नाही.

आता तुमच्या सौद्याचं. मी गप्प बसायचं आणि तुम्ही शिक्का द्यायचा. नाही जमणार. असला कागद मला नको. तो घेऊन मी त्या पोरांना कुठल्या तोंडाने सांगू की हात लावलेली सोंगटी चालवायचीच, चाल परत घ्यायची नाही?

मला हवंय ते एवढंच. भिंगरीला पत्र लिहा. तिला, मला नव्हे. ती मूर्ख नाही आणि तो नियम कुठून आला, हे तुमच्या हाताने लिहा. तिच्या बापाचा पत्ता मागे लिहिला आहे. सोप्या शब्दांत लिहा, तिला अजून जोडाक्षरं अडतात.

नाही लिहिलंत तर एक तारखेला खोलीला कुलूप लागेल. लागू दे. मी पोरांना रस्त्यावर खडूने घरं आखून देईन, आणि कुणी विचारलं की वर्ग का बंद झाला, तर हा डाव पहिल्या चालीपासून सांगेन. तुम्हाला माहीत आहे, मला गोष्ट रंगवून सांगता येते.

वहिनी


५ मार्च, शनिवार

भाऊजी,

तुमचा कागद सोमवारी आला, अगदी शेवटच्या दिवशी. काळजाचं पाणी करायची हौस गेली नाही तुमची.

वाचला. "सदर वर्ग माझ्या मार्गदर्शनाखाली चालविण्यास मंडळाची हरकत नाही." माझ्या मार्गदर्शनाखाली! मी तिथेच पोस्टमनसमोर मोठ्याने हसले, तो दचकला बिचारा. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते, हे यांनी मला जन्मभर बजावलं. मी मुद्दाम तीच घेतली आणि ते दोन शब्द कापून काढले. शिक्क्याला धक्का लागू दिला नाही.

हेडबाईंनी कागद उजेडासमोर धरला. "आजी, मधे ही खिडकी कसली?"

"हवा खेळती राहावी म्हणून."

त्यांनी कागद खाली घेतला. मग वाचलं, "सदर वर्ग... चालविण्यास मंडळाची हरकत नाही." म्हणाल्या, "वाक्य पूर्ण आहे." फाइलला लावला. खोलीची किल्ली आता माझ्याकडेच असते.

त्या कागदासाठी मी तुम्हाला काही दिलेलं नाही, हे ध्यानात असू द्या. मी नको म्हटलं तरी तुम्ही तो पाठवलात, भिंगरीला पत्र लिहायच्या आधी की नंतर ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला तर सोमवारी तिचं काहीच माहीत नव्हतं. चार दिवस मी वाट बघितली आणि तुम्हाला मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

आज तीनला तिच्या बापाने तिला दारात आणून सोडलं. तोही गेला नाही, मोडक्या बाकावर बसला. तिच्या हातात पाकीट होतं, घाम लागून मऊ झालेलं. मला म्हणाली, "आजी, मी वाचणार. तुम्ही नाही." उभी राहिली आणि बोट ठेवून ठेवून वाचलं.

"भिंगरी, तू हुशार आहेस. तू मूर्ख नाहीस. तुला आजीने शिकवलं ते तिला खरं वाटत होतं. तो नियम मी तयार केला. मी लहान नव्हतो, एकोणीस वर्षांचा होतो. माझा मोठा भाऊ जिंकत होता. मला हरायचं नव्हतं. म्हणून खोटं सांगितलं. त्याने ऐकलं. तुझ्याशी मी खोटं बोललो नाही, पण तू रडलीस ते माझ्यामुळे."

तुम्ही इतकं साधं लिहू शकता हे मला माहीत नव्हतं, भाऊजी. मी खिडकीकडे तोंड करून रिळं मोजत बसले. दोनच होती, पण बराच वेळ लागला.

ढब्बूने विचारलं, "म्हणजे या आजोबांनी फसवलं? भावाला?"

"हो."

"सख्ख्या?"

"हो रे बाबा, सख्ख्या."

भिंगरी पत्राची घडी घालत होती. म्हणाली, "मग ते जिंकले?"

"जिंकले."

"मग तो डाव परत खेळायचा."

"ज्यांच्याशी खेळायचा ते आता नाहीत."

तिने विचार केला. पटासमोर करते तसाच, दोन्ही गाल मुठींवर टेकवून. मग म्हणाली, "मग निकाल बदला."

पोरांनी मतं घेतली. मी घरची म्हणून मला हात वर करू दिला नाही. तेवीस हात वर गेले आणि मागच्या बाकावरून ड्रायव्हरचा एक. मग भिंगरी माझ्यासमोर बसली, पहिल्या दहा चालींतच शह खाल्ला, प्यादं मधे घातलं, आणि तीन चालींनी माझ्याकडे बघत बघत, अगदी सावकाश, किल्लेकोट केला. मला हरवलं सुद्धा. मी हात मिळवला.

फळ्यावर वर्गाचे निकाल असतात, त्यांच्या सगळ्यात वर पोरांनी लिहिलं आहे: मोठा भाऊ एक, धाकटा भाऊ शून्य. हेडबाईंना सांगून ठेवलंय, ती ओळ पुसायची नाही.

तेव्हा तुम्हाला कळवते आहे की तो डाव तुम्ही हरलात. निकाल पोरांचा आहे, माझ्याकडे तक्रार करून उपयोग नाही. त्यांच्यापुढे काही बाजू मांडायची असेल तर कुठल्याही शनिवारी तीनला या. पोटदुखीची सबब चालणार नाही, आणि बसायला बाक मिळणार नाही. आमच्याकडे नवीन आलेल्याला आधी प्यादं करतात.

वहिनी